अकरा लाल शेरे

वहीत खोडायचं नाही, हा त्या रसायनशास्त्र विभागातला पहिला नियम होता. चुकलं तर चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही-तारीख करून मोकळं व्हायचं. गिचमिड करून काळं केलेलं पान दिसलं की सर ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे आणि विचारायचे, "इथं काय पुरलंय?" त्यामुळे खोडण्याची कुणाची छाती होत नसे.

शेडकार्ड या टोपणनावाच्या पोरीच्या वहीत तर अशी एक रेघसुद्धा नव्हती. अक्षर मोत्यासारखं, आकडे रांगेत उभे. आणि तरीही प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी लाल शाईतला एक शेरा ठोकलेला होता. पहिल्या प्रयोगाखाली तिनं लिहिलं होतं, "रंग: पांढरा." त्याखाली लाल अक्षरांत, "जांभळा. नीट बघावे." दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा "रंग: पांढरा", खाली "पुन्हा तेच. जांभळा." असं करत करत नवव्या प्रयोगापर्यंत सरांचा संयम आटला होता. नववा शेरा होता, "डोळे उघडे ठेवून काम करावे."

हे दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर चाललं असतं. पण ही पोर होती रंगाऱ्याची. तिचे बाबा तीस वर्षं लोकांची घरं रंगवत आले होते, आणि ती चालायला शिकली ती रंगाच्या डब्यांना धरून. मोतिया, दुधी, हस्तिदंती आणि चुनखडी या चार पांढऱ्यांतला फरक तिला शाळेत जाण्याआधी कळत होता. पदवीनंतर संशोधनाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा फळीवरच्या बाटल्या बघूनच तिनं संक्रमण धातू घेतले. तांब्याचा निळा, निकेलचा हिरवा, कोबाल्टचा गुलाबी. घरी जाऊन तिनं सांगितलं होतं, "बाबा, तुमचं अख्खं दुकान आमच्याकडे काचेच्या बाटल्यांत भरून ठेवलंय." तेव्हापासून बरोबरची पोरं तिला शेडकार्ड म्हणायची आणि ती ओ द्यायची.

सरांनाही एक नाव होतं, फक्त ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सगळे फ्रीजसर म्हणत. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांची खोली होती आणि त्या खोलीत एक नाजूक तराजू होता. एखादा पदार्थ चुंबकाकडे किती ओढला जातो ते त्या तराजूवर मोजायचं. खोलीतली हवा एका अंशानं हलली तरी त्याचा काटा रुसायचा. म्हणून खोली बाराही महिने अठरा अंशांवर ठेवलेली, दारावर "दार उघडू नये" अशी पाटी, आणि आत सर स्वेटर आणि वर शाल अशा थाटात बसलेले. दारच उघडायचं नाही म्हटल्यावर बोलणार कसं? त्यावर विभागानं तोडगा काढला होता. दाराबाहेर एक लाकडी ट्रे. विद्यार्थ्यानं दुपारी त्यात आपली वही आणि पदार्थाची छोटी बाटली ठेवायची. संध्याकाळी सर दार चार बोटं उघडून ट्रे आत ओढून घेत, बाटलीतल्या पदार्थाकडे दुसऱ्या दिवशी सावकाश बघत, शेरा मारत, आणि वही परत ट्रेमध्ये. बाटली मात्र त्यांच्या कपाटात कुलूपबंद. गेली ती गेली.

आणि शेडकार्डची प्रयोगशाळा? ती कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, त्याच मजल्यावर, थेट गच्चीखाली. पदार्थ वाळवायचे दोन ओव्हन तिथं अष्टौप्रहर धगधगत. पंखा होता, पण लावायची सोय नव्हती, कारण पावडर उडून शेजाऱ्याच्या बीकरमध्ये जायची. भिंतीवरचा तापमापक पस्तिसाच्या खाली उतरलेला कुणी पाहिला नव्हता. काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणायच्या, "एका टोकाला भाजायचं, दुसऱ्या टोकाला गोठायचं. मधल्या कॉरिडॉरमध्ये तेवढी माणसं राहतात."

तर या भट्टीत शेडकार्ड लोखंडाचं एक नवं संयुग बनवत होती. लोखंडाच्या क्षाराचं पाणी, त्यात लोखंड गंजू नये म्हणून चिमूटभर क जीवनसत्त्व, आणि त्यावर थेंबथेंब दुसरं द्रावण. तळाशी साका बसायचा. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा. वाळला की पिठीसारखा पांढराशुभ्र. ती ते डोळ्यांनी बघत होती हो! दहाव्या खेपेला तिनं चिडून लिहिलं, "रंग: पांढरा. तीनदा पाहिला." दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा शेरा अर्धं पान खाऊन बसला होता.

"तिन्ही वेळा चुकीचा पाहिला. न बघता लिहिणे यासारखा दुसरा अपराध आमच्या धंद्यात नाही. शनिवारी समितीपुढे या वहीवर मी सही करू शकणार नाही."

तिनं तो उभ्या उभ्याच दोनदा वाचला. शनिवारी समिती बसायची होती. सरांची सही नसेल तर काम तिथंच बंद. दीड वर्ष मातीत. आणि काम गेलं असतं तर एक वेळ सोसलं असतं, पण "न बघता लिहिते" हा डाग घेऊन ती जाणार कुठं? अकरावा प्रयोग तिनं तरीही केला. पांढरा. अकरावा शेरा दोनच शब्दांचा आला, "जांभळा. दुर्दैव."

बुधवारी संध्याकाळी ती घरी आली ती सरळ बाबांपुढे जाऊन बसली. "बाबा, माझे डोळे तपासा."

"मी काय डॉक्टर आहे?"

"रंगाचे डोळे तपासा."

बाबांनी हातपाय धुतले, चष्मा लावला आणि शेडकार्डांचा गठ्ठा काढला. नाव झाकून एकेक पट्टी दाखवायला लागले. पोरगी धडाधड सांगत गेली. छत्तीस पट्ट्या, एकही चूक नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "हिच्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही. त्या तुझ्या सरांनाच चष्मा लाव म्हणावं."

"आई, ते फार हुशार आहेत गं."

"हुशार माणसाला दिसतं कमीच," आईनं निकाल देऊन टाकला आणि ती आत गेली.

बाबा मात्र पट्ट्या गोळा करत विचारात पडले होते. "मला एक सांग. तू त्यांना रंग कुठं दाखवलास?"

"दाखवला कुठं? ट्रेमध्ये ठेवते."

"हात्तिच्या!" बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "जन्मभर बापाबरोबर राहून हे शिकलीस? शेड दुकानात दाखवायची नसते. गिऱ्हाईकाच्या खोलीत जाऊन, त्याच्या भिंतीला लावून, त्याच्या शेजारी उभं राहून दाखवायची. एका बाईंनी माझ्याकडून एकच भिंत तीनदा रंगवून घेतली. दर वेळी म्हणायच्या, हिरवट दिसते. शेवटी मी जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसलो. खिडकीबाहेर हे एवढं झाड! त्याचा हिरवा उजेड भिंतीवर. बाई खोट्या नव्हत्या आणि मीही खोटा नव्हतो. आम्ही दोघं एका जागी उभेच राहिलो नव्हतो."

ते ऐकून तिला एकदम हुरूप आला. उजेड! आपल्याकडे गच्चीचं ऊन आणि सरांकडे निळसर दिवे. एवढं साधं आपल्या टाळक्यात कसं आलं नाही?

गुरुवारी सकाळी तिनं मावशींच्या हाती चिठ्ठी पाठवली. सरांच्या खोलीत झाडलोट करायला जाण्याचा मान एकट्या मावशींचा होता, आणि जाताना त्या पदर डोक्यावरून घट्ट लपेटून घेत. चिठ्ठीत लिहिलं होतं की अकराव्या प्रयोगाची सरांकडची बाटली आणि माझ्याकडची बाटली एकाच उजेडात शेजारी ठेवून बघूया. कृपा करून कॉरिडॉरमध्ये यावं. आश्चर्य म्हणजे सर आले. शाल सावरत, चष्म्यावर धुकं जमलेलं, हातात बाटली.

कॉरिडॉरच्या खिडकीच्या कठड्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकाच दिवशी, एकाच बीकरमधून भरलेल्या. दोन्हींवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी, सरांच्या बाटलीवर वर त्यांची लाल सही.

तिची पांढरी. सरांची जांभळी. पिकल्या जांभळाला दुधात कुस्करावं तशी.

उजेड एकच होता. म्हणजे उजेडाचा काही संबंध नव्हता.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तेच जास्त लागलं. "तुमचे डोळे चांगले आहेत, हे मी मान्य करतो. ही पांढरीच आहे. माझेही डोळे चांगले आहेत. मग चूक हातांची आहे. वहीत एक लिहिता आणि ट्रेमध्ये दुसरंच काही ठेवता."

"नाही हो सर, एकाच बीकरमधलं आहे! तुमची खोली थंड असते आणि आमची गरम, त्यानं तर काही..."

"तो विचार मी केला. लोखंडाची काही संयुगं थंडीत रंग बदलतात, वर्गात मीच शिकवतो. बहुतेक हाडं गोठवणाऱ्या थंडीत. आणि समजा, इथं बदलतात. तर मग या दोन्ही बाटल्या आता एकाच हवेत आहेत. इथं सव्वीस अंश आहे. वीस मिनिटं थांबू. हवा एक, तर रंग एक व्हायला हवा."

वीस मिनिटं थांबले दोघं. मावशी ट्रे काखेत मारून तिसऱ्या उभ्या राहिल्या. विसाची पंचवीस झाली. पांढरी पांढरीच राहिली आणि जांभळी जांभळीच.

"बघा," सर म्हणाले. त्यांनाही ते म्हणताना आनंद झाला नव्हता. "आपण अदलाबदल करू. तुमची पांढरी मी तराजूवर घालतो. माझी जांभळी तुम्ही न्या, आणि तिच्यात काय भेसळ झाली ते शोधा. शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक."

शेडकार्डनं मान हलवली. ती जांभळी बाटली घेऊन भट्टीत आली, ओव्हनशेजारच्या फळीवर ती ठेवली आणि चहा प्यायला खाली गेली. चहा कसला, नुसता ग्लास हातात धरून बसली. वर्गातल्या कुणीतरी विचारलं, "काय गं शेडकार्ड, रंग उडाला?" एरवी तिनं चार शब्द सुनावले असते.

अर्ध्या तासानं ती वर आली, भेसळ शोधायला बाटली उचलली, आणि तिथंच थिजली.

बाटली पांढरी होती.

"मावशी! इथली बाटली कुणी बदलली?"

"मी काचेला हात लावते ते धुवायला. बदलायला नाही." मावशींना राग आला होता. "आधी म्हणे सर खोटे, आता मी चोर!"

शेडकार्डनं बाटली फिरवली. चिठ्ठीवर सरांची लाल सही होती. हीच ती. मघाशी पंचवीस मिनिटं डोळ्यांपुढे जांभळी राहिलेली. तिनं डोळे चोळले, पुन्हा बघितलं, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ती तडक कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या कूलरकडे धावत सुटली. थंड पाण्याचा ग्लास भरला आणि बाटली त्यात बुडवली. एक, दोन, तीन... काचेलगतच्या कडेनं आधी लाजल्यासारखी लाली आली, मग ती आत पसरली, आणि बघता बघता अख्खी बाटली जांभळी झाली. तिनं ती पुसून मुठीत धरली. मिनिटभरानं मूठ उघडली. पांढरी.

"मावशी!" ती इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचे दोघं जिन्यात आले.

पुढचे दोन तास तिनं तापमापक, पाण्याचं भांडं आणि बाटली यांच्या जोडीला मावशींना बसवून घेतलं. हळूहळू तापवायचं, हळूहळू निववायचं, आणि मावशींनी रंग सांगायचा, म्हणजे पुन्हा कुणी "न बघता लिहिलं" म्हणायला नको. तापवताना बत्तीस अंशांपर्यंत बाटली जांभळी राहायची आणि मग पांढरी व्हायची. निववताना मात्र ती बत्तिसाला माघारी फिरत नव्हती. तीस, अठ्ठावीस, सव्वीस, पांढरीच. एकवीस आल्यावर एकदम जांभळी. आणि शेडकार्डला लख्ख कळलं. मधल्या सव्वीस अंशांवर या पदार्थाला दोन्ही रंग चालत होते. कोणता दाखवायचा हे तो कुठून आला त्यावर ठरत होतं. भट्टीतून आला तर पांढरा, फ्रीजमधून आला तर जांभळा. कॉरिडॉरमध्ये तासभर थांबून काय होणार होतं? वर्षभर थांबले असते तरी दोघं आपापल्या हट्टावर राहिले असते!

"पण असं का गं करतो?" मावशींनी विचारलं. आता त्यांचाही राग गेला होता.

"मावशी, असं समजा, लोखंडाच्या घरात सहा जण आहेत, इलेक्ट्रॉन म्हणतात त्यांना, आणि खोल्या पाच. तीन खाली, दोन माडीवर. थंडी असली की सहाही जण खालच्या तीन खोल्यांत दोघं दोघं अंगाला अंग लावून झोपतात. तेव्हा जांभळा. उकडायला लागलं की दोघं माडीवर जातात, ऐसपैस. तेव्हा पांढरा."

"मग लगेच का नाही जात? बत्तिसापर्यंत उकडत का बसतात?"

"कारण घरं साखळीनं जोडलेली आहेत. शेजारी हलल्याशिवाय एकटं कुणी हलत नाही. आणि हलले की सगळे एकदम."

"म्हणजे आमच्या गल्लीसारखंच की," मावशी म्हणाल्या.

आता सरांना सांगायचं. तिनं चिठ्ठी लिहायला घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि थांबली. बाबांचं वाक्य आठवलं. गिऱ्हाईकाच्या खोलीत जाऊन, त्याच्या शेजारी उभं राहून. तिनं चिठ्ठी फाडली, कॉरिडॉर ओलांडला आणि "दार उघडू नये" या पाटीवर टकटक केली.

दार आतून झटक्यात उघडलं. चार बोटं नाही, सताड. सर दारात उभे होते, शाल एका खांद्यावरून घसरलेली. त्यांच्या हातात तिची मघाची पांढरी बाटली होती, आणि ती जांभळी झाली होती.

"मी काही केलेलं नाही," सर म्हणाले. "मी फक्त कपाटात ठेवली होती. कुलूप लावून."

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं न खाताच बिचाऱ्यांना खवखवत होतं. शेडकार्डला इतकं हसू आलं की ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. तिनं आपली बाटली पुढे केली, सरांच्या लाल सहीची, पांढरी. सरांनी ती बघितली, आपल्या हातातली बघितली, पुन्हा ती बघितली.

"सर, तुमच्या हातातली मुठीत घट्ट धरा."

सरांनी धरली. मिनिट झालं, दोन झाली. मूठ उघडली तर बाटली जांभळीच. शेडकार्डचा चेहरा पडला. तिनं घाबरत सरांच्या बोटांना हात लावला आणि दचकून मागे घेतला. "अहो सर, तुमचे हात बर्फ आहेत! यानं काय होणार? तुम्ही माझ्या खोलीत चला."

असं सरांशी आजवर कुणी बोललं नव्हतं. पण सर निघाले. बाटली त्यांनी स्वतः, दोन बोटांत, डोळ्यांपुढे धरली होती, कुणी बदलेल म्हणून पापणीही लवू न देता. कॉरिडॉरभर जांभळी. भट्टीचं दार आलं. आत जाताच सरांच्या चष्म्यावरचं धुकं वाढलं, कपाळावर घाम आला. त्यांनी शाल काढली, मग स्वेटर काढला. आत साधा निळा शर्ट होता. तो विभागातल्या कुणी कधी पाहिला नव्हता. ते ओव्हनशेजारच्या स्टुलावर बसले आणि बाटलीकडे बघत राहिले. पाचएक मिनिटांत जांभळ्या रंगात एक पांढरा ठिपका उमटला, वाढला, आणि रंग निघून गेला.

सरांच्या पोटातून कुठूनतरी हसू आलं. ते थांबेचना. मावशी घाबरून पाणी घेऊन आल्या तेव्हा सर म्हणत होते, "हवा एक, तर रंग एक! वीस मिनिटं उभा राहिलो मी तिथं! काय पण शहाणा!" आणि ते उठले ते तडक निघाले आपल्या खोलीकडे, बाटली निववायला. जांभळी करून परत आले. पुन्हा पांढरी. पुन्हा गेले. त्या दुपारी सरांनी कॉरिडॉरच्या सात खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेपासून तर जवळजवळ पळतच. त्यांच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं आणि तराजू खुशाल रुसून बसला होता. आकाश ठेंगणं झालं म्हणतात ते शेडकार्डला आणि सरांना एकाच वेळी झालं होतं.

शनिवारी समिती बसली. शेडकार्डनं बाबांना यायला लावलं होतं. ते धुतलेला शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. नखांच्या कडांना मात्र कालचा मोतिया लागलेला होता, तो काही निघत नाही. समितीतले तिघं पुढे, सर टेबलापाशी, टेबलावर वही. शेडकार्डनं सगळं सांगितलं, सहा जण आणि पाच खोल्यांसकट. समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आम्हाला दाखवा तरी."

सर बर्फाच्या भांड्यातून एक जांभळी बाटली घेऊन उठले. सगळ्यांना वाटलं ते समितीकडे जाणार. पण ते शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. "तुम्ही रंगातले जाणकार आहात, असं ऐकलं," ते बाबांना म्हणाले. "हा कोणता?"

बाबांनी चष्मा वर केला. "जांभळा. थोडा गुलाबीकडं झुकणारा."

"आता मूठ मिटा."

बाबांनी मूठ मिटली. तीस वर्षं ब्रश धरलेला, जाड, गरम हात. शेडकार्डनं घड्याळात मिनिट मोजलं. बाबांनी बोटं एकेक करून उघडली.

"पांढरा," बाबा म्हणाले. मग बाटली जवळ नेऊन नीट बघत, "शुभ्र. मोतिया नाही, दुधी नाही. पांढरा." आणि थोडं थांबून, "साहेब, पण हा मी कुणाच्या भिंतीला लावणार नाही. गिऱ्हाईक मारायला येईल."

सगळा हॉल हसला. बाबांनी बाटली बाकावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. "आता इथं ही पांढरीच राहणार?"

"राहील बाबा," शेडकार्ड पुढून म्हणाली. "या खोलीत ठेवली तर उद्याही राहील. तुमच्या हातातून आलीय ना."

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं उगाचच पुसत बसले.

सर टेबलाकडे परत आले. समितीच्या कागदावर त्यांनी सही केली, त्याला क्षणसुद्धा लागला नाही. मग त्यांनी शेडकार्डची वही पुढे ओढली, खिशातलं लाल पेन काढलं आणि पहिल्या प्रयोगाचं पान उघडलं. "जांभळा. नीट बघावे." त्यावर त्यांनी एकच आडवी रेघ मारली, अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, "पांढरा. बरोबर." सही केली. तारीख घातली. पान उलटलं.

समिती चहाला उठायची थांबली. पेनाचा कागदावरचा आवाज तेवढा येत होता. एकदा बाबा जागेवरून उठून पुढे आले आणि टेबलाशेजारी उभे राहिले. सरांनी त्यांना वही दिसेल अशी थोडी वळवली आणि लिहीत राहिले. नवव्या पानावर "डोळे उघडे ठेवून काम करावे" होतं. तिथं सरांचं पेन थोडं थांबलं, मग त्यांनी पट्टी मागून घेतली आणि रेघ सरळ मारली.

"अकरा," बाबा शेवटी म्हणाले. ते मनातल्या मनात मोजत होते.

"अकरा," सर म्हणाले, आणि टोपण लावून त्यांनी वही शेडकार्डच्या हातात दिली.